संगणक-जाळ्याचा हिशेब : डॉ. जितेंद्र पाध्ये यांचे संशोधन

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी सभासदांस व त्यांच्या कुटुंबांस उपयोगी पडेल असा एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले. विषय निवडताना आम्ही एकच कसोटी लावली. जी गोष्ट आपल्या प्रत्येक घरात शिरली आहे, पण जिच्या आतील व्यवहाराविषयी आपण फारसे जाणत नाही, तिच्यावर लिहावे. अशी गोष्ट म्हणजे इंटरनेट होय. हरणीतील कोणत्याही गल्लीत जा, 'नेट चालत नाही' हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानी पडते. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि आम्हां शिक्षकांस मोबाइलच्या पडद्यावर वर्ग घ्यावे लागले, तेव्हा तर ते रोजचेच झाले. मुलाचा आवाज मध्येच तुटे, फळ्याचे चित्र गोठून जाई, आणि पालक विचारीत, "सर, महिन्याचे पैसे तर वेळेवर भरले आहेत, मग नेट का चालत नाही?"

प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र तितके साधे नाही. या एका प्रश्नापायी काही विद्वानांनी आपल्या उमेदीची वर्षे खर्ची घातली आहेत. संगणकांचे जाळे किती वेगाने चालते, कोठे अडते, का अडते, आणि सर्वांस सारखा वाटा मिळतो की नाही, याचा शोध घेणारी संगणकशास्त्राची एक स्वतंत्र शाखाच आहे. या शाखेत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्यांपैकी एक नाव मराठी कानाला चटकन ओळखीचे वाटेल असे आहे : डॉ. जितेंद्र पाध्ये. त्यांच्या कार्याचा परिचय करून देणे आणि त्यातून आपल्या मुलामुलींनी काय घ्यावे हे सांगणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पाकिटे, पोच आणि रांग

प्रथम जाळ्याचा व्यवहार समजून घेऊ. आपण मुंबईच्या नातलगास एखादे छायाचित्र पाठवितो, तेव्हा ते अखंड जात नाही. यंत्र त्याचे लहान लहान तुकडे करते. या तुकड्यांस आपण पाकिटे म्हणू. प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो आणि अनुक्रमांक असतो. वाटेत ठिकठिकाणी राउटर नावाची यंत्रे असतात. त्यांचे काम टपाल कचेरीतील वर्गवारी करणाऱ्या कारकुनासारखे आहे. पाकीट आले, पत्ता वाचला, पुढच्या वाटेला लावले. एकाच वेळी पुष्कळ पाकिटे आली तर राउटर त्यांस रांगेत ठेवतो. रांगेची जागा संपली की नवे येणारे पाकीट सरळ टाकून देतो. त्याची सूचना कोणासही मिळत नाही.

मग पाठविणाऱ्यास कसे कळावे की पाकीट पोहोचले? रजिस्टर टपालाप्रमाणे येथेही पोच येते. पाकीट मिळाले की पलीकडचे यंत्र पोच धाडते. पोच आली नाही, तर पाकीट वाटेत हरवले असे समजून ते पुन्हा पाठवितात. या व्यवस्थेस टीसीपी म्हणतात. विंट सर्फ व बॉब कान या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी तिची कल्पना १९७४ साली मांडली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील मूळ जाळे तिच्यावर चालू लागले.

आता वेळेचा हिशेब पाहू. बडोद्याहून न्यूयॉर्क सुमारे १२ हजार किलोमीटर दूर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे तंतू अगदी सरळ अंथरला, वाटेत कोठेही रांग नसली, तरी पाकीट जाऊन पोच परत येण्यास सेकंदाचे १२० सहस्रांश भाग लागणारच. या जाण्यायेण्याच्या वेळेस आपण फेरी म्हणू. फेरीतील अंतराचा भाग कोणासही कमी करता येत नाही. रांगेचा भाग मात्र माणसाच्या हाती आहे, आणि सगळे शास्त्र त्या रांगेभोवती उभे आहे.

रांगेचे गणित तसे जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ साली टेलिफोनच्या मागणीवर पहिला निबंध लिहिला. एकाच वेळी किती लोक फोन उचलतील याचा संभाव्यतेने अंदाज बांधून किती तारा पुरतील हे त्यांनी दाखविले. परंतु टेलिफोनची तार एकदा मिळाली की बोलणे संपेपर्यंत ती आपलीच असे. इंटरनेटच्या वाटेवर कोणाचीच मालकी नाही. सर्वांची पाकिटे एकाच वाटेने, एकमेकांत मिसळून जातात. त्यामुळे येथील गणित अधिक कठीण झाले.

१९८६ सालची कोंडी

ईदच्या नमाजानंतर ईदगाहच्या दारातून माणसे बाहेर पडतात ते दृश्य डोळ्यांपुढे आणावे. दार तेवढेच, माणसे हजारो. प्रत्येकजण दमाने निघाला तर दहा मिनिटांत मैदान मोकळे होते. सगळ्यांनी एकदम रेटा दिला तर दाराशी कोंडी होते आणि कोणीच बाहेर पडत नाही. दार लहान असणे हे कोंडीचे एक कारण झाले. रेटा हे दुसरे, आणि बहुधा मोठे, कारण असते.

जाळ्यात नेमके हेच १९८६ सालच्या ऑक्टोबरात घडले. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील आवार यांच्यामध्ये अंतर अवघे ४०० यार्ड. त्यांच्या दरम्यानचा वेग सेकंदास ३२ हजार बिटांवरून घसरून ४० बिटांवर आला. ४० बिट म्हणजे इंग्रजी लिपीतील पाच अक्षरे! तार तुटली नव्हती, यंत्र बिघडले नव्हते. रांग भरली की पाकिटे टाकली जात. पोच आली नाही म्हणून पाठविणारी यंत्रे तीच पाकिटे पुन्हा पाठवीत. त्यामुळे रांग आणखी भरे. जो तो पुन्हा पुन्हा रेटा देत होता.

त्या प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी याचे कारण शोधून १९८८ साली उपाय प्रसिद्ध केला. उपाय यंत्रांस संयम शिकविणारा होता. पोचा व्यवस्थित येत असतील, तर दर फेरीस एकेक पाकीट वाढवीत जावे. एखादे पाकीट हरवले, तर ती गर्दीची खूण समजून आपला वेग एकदम निम्मा करावा. मग पुन्हा एकेकाने चढावे. चढणे सावकाश, उतरणे झटपट. हा नियम कोणी पोलीस उभा राहून पाळवून घेत नाही. प्रत्येक यंत्र आपल्यापुरता तो पाळते, आणि म्हणून जाळे चालते.

विद्यार्थ्याचे सूत्र

नियम तर झाला. पण तो पाळणाऱ्या यंत्रास प्रत्यक्षात वेग किती मिळेल? येथून पाध्ये यांचे कार्य सुरू होते. ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील शाखेत पीएच.डी.चे विद्यार्थी होते. १९९८ साली त्यांनी व्हिक्टर फिरोयू, डॉन टाउस्ली व जिम कुरोस यांच्यासमवेत एक निबंध लिहिला आणि कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या सिगकॉम परिषदेत तो सादर झाला. जाळ्यांच्या अभ्यासकांत सिगकॉम ही अग्रगण्य परिषद मानली जाते. चारही लेखकांत पाध्ये यांचे नाव पहिले आहे. त्यांना डॉक्टरेट मिळाली ती त्यानंतर, २००० साली.

या निबंधापूर्वीही एक सोपे सूत्र प्रचारात होते. त्याचे सार असे : फेरीचा वेळ दुप्पट झाला तर वेग निम्मा होतो, आणि हरवणाऱ्या पाकिटांचे प्रमाण चौपट झाले तर वेग निम्मा होतो. म्हणजे वेग हा हरवण्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळाशी व्यस्त असतो. नववी-दहावीच्या मुलांस वर्गमूळ कशासाठी शिकावयाचे असा प्रश्न नेहमी पडतो, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपण उदाहरण करून पाहू. पाकीट १४६० बाइटचे, फेरी एक दशांश सेकंदाची, आणि शंभरात एक पाकीट हरवते असे धरू. सोप्या सूत्राने सेकंदास सुमारे १२२ पाकिटे जातात, म्हणजे सुमारे १४ लाख बिट. हरवण्याचे प्रमाण दहा हजारांत एक इतके खाली आणले, तर तोच वेग दहापट होऊन सुमारे १ कोटी ४३ लाख बिटांवर जातो. या हिशेबात आपण विकत घेतलेल्या जोडणीच्या रुंदीचा आकडा कोठेच आला नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. वाटेत पाकिटे हरवत असतील, तर सेकंदास १० कोटी बिटांची जोडणी घेतली काय आणि ३० कोटींची घेतली काय, त्या एका प्रवाहाचा वेग तेथेच अडतो. पैसे भरूनही नेट का चालत नाही, या पालकांच्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग येथे आहे.

मग पाध्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक काय केले? अमेरिका व युरोपातील यंत्रांच्या दरम्यान प्रत्यक्ष पाकिटे धाडून त्यांनी मोजणी केली, आणि सोपे सूत्र पुष्कळदा वेग फुगवून सांगते असे त्यांना दिसले. कारण असे की, पाकीट हरवल्यावर यंत्र नेहमी नुसता वेग निम्मा करून पुढे जात नाही. पुष्कळदा पुढच्या पोचाही येत नाहीत, आणि यंत्रास काही काळ स्तब्ध वाट पाहावी लागते. त्या वाट पाहण्यात कामाचा वेळ वाया जातो. सोप्या सूत्रात हा स्तब्ध काळ धरलेलाच नव्हता. पाध्ये यांच्या सूत्रात तो धरला आहे. शिवाय घेणाऱ्या यंत्राची एका वेळी घेण्याची मर्यादाही धरली आहे.

याचा परिणाम किती? वरील उदाहरणातच शंभरात पाच पाकिटे हरवतात आणि स्तब्ध काळ चार दशांश सेकंद आहे असे मानू. सोपे सूत्र सेकंदास सुमारे ५५ पाकिटे सांगते. पाध्ये यांचे सूत्र सुमारे ३७ सांगते. तृतीयांश फरक! इंजिनियराने पुलाचे वजन तिसऱ्या हिश्श्याने चुकवले तर काय होईल, याचा विचार करावा म्हणजे या दुरुस्तीचे मोल कळेल. आजची पुष्कळ यंत्रे जेकबसन यांच्या नियमाच्या सुधारलेल्या आवृत्त्यांवर चालतात, त्यामुळे हे आकडे आज सर्वत्र जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. परंतु फेरीचा वेळ, हरवण्याचे प्रमाण आणि स्तब्ध काळ ही तीन मापे घेतल्याशिवाय वेगाविषयी बोलू नये, ही शिस्त या सूत्राने घालून दिली.

न्याय्य वाटा

डॉक्टरेटच्या सुमारास पाध्ये बर्कली येथील आंतरराष्ट्रीय संगणकशास्त्र संस्थेतील इंटरनेट संशोधन केंद्रात सॅली फ्लॉइड यांच्यासमवेत काम करू लागले. तेथे प्रश्न निराळा होता. चलच्चित्र व बोलणे पाठविणाऱ्या व्यवस्थांस एकदम निम्म्यावर येणारा वेग मानवत नाही. चित्र धक्के खाते. म्हणून अशा काही व्यवस्था संयमाचा नियम बाजूस ठेवून आपल्याच वेगाने पाकिटे सोडीत. पण जाळ्यात एकाने संयम सोडला की त्याची किंमत संयम पाळणाऱ्यांस मोजावी लागते. जो नियमाने थांबतो तो मागे पडतो, आणि जो रेटा देतो तो पुढे जातो. मग नियम पाळावा कोणी?

फ्लॉइड, मार्क हँडली, पाध्ये व यॉर्ग विडमर यांनी २००० साली स्टॉकहोमच्या परिषदेत याचा मार्ग सांगितला. विद्यार्थीदशेतील तेच सूत्र त्यांनी उलट बाजूने वापरले. चित्र पाठविणाऱ्या यंत्राने फेरीचा वेळ व हरवण्याचे प्रमाण सतत मोजावे, ती मापे सूत्रात घालावी, आणि टीसीपीने चालणाऱ्या यंत्रास अशा वाटेवर जितका वेग मिळाला असता तितक्याच वेगाने पाठवावे. वेग हळूहळू बदलतो, म्हणून चित्र धक्के खात नाही. आणि शेजाऱ्याच्या वाट्यास हातही लागत नाही. जे सूत्र पूर्वी वेगाचे भाकीत करीत होते, ते आता वेगाची मर्यादा ठरवू लागले. ही पद्धत २००३ साली इंटरनेटच्या अधिकृत नियमपत्रिकांत प्रसिद्ध झाली आणि २००८ साली तिची सुधारलेली आवृत्ती निघाली. दोन्हींवर पाध्ये यांचे नाव आहे.

न्याय्य वाटा हे शब्द येथे भावनेने वापरलेले नाहीत. न्यायही मोजता येतो. राज जैन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह १९८४ साली त्यासाठी एक निर्देशांक दिला. सर्वांस सारखा वाटा मिळाला तर तो १ येतो. दहाजणांपैकी एकानेच सर्व घेतले तर तो एक दशांश येतो.

याच काळात पाध्ये व फ्लॉइड यांनी आणखी एक उपयुक्त काम केले. नियम कागदावर आहेत, पण जगातील यंत्रे ते खरोखर पाळतात काय? हे तपासणारे एक साधन तयार करून त्यांनी हजारो वेब सर्व्हरांची परीक्षा घेतली आणि २००१ साली निष्कर्ष मांडले. त्यात एक विशेष गोष्ट दिसली. गर्दी वाढू लागली की पाकीट टाकून न देता त्यावर केवळ खूण करावी, म्हणजे पाठविणारा वेळीच सावध होईल, अशी एक सुधारणा तेव्हा पुढे आली होती. पण वाटेतील काही पहारेकरी यंत्रे अशा खुणेची विचारणा करणारी पाकिटेच नाकारीत असत. चांगली सुधारणा ओळखीची नाही म्हणून दारातच परतवली जात होती. ही खूण वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

बिनतारी वाटा

पुढे पाध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या रेडमंड येथील संशोधन विभागात गेले. तेथे रिचर्ड ड्रेव्हस व ब्रायन झिल यांच्यासह त्यांनी बिनतारी जाळ्यांचा अभ्यास केला. तार न ओढता, एका घरातील यंत्राने दुसऱ्या घरातील यंत्राकडे व त्याने तिसऱ्याकडे पाकीट सरकवावे, अशी ही कल्पना. प्रश्न असा की, अनेक वाटांतून चांगली कोणती निवडावी? वरवर पाहता सर्वांत कमी टप्प्यांची वाट बरी वाटते. पण दोन लांब टप्प्यांत आवाज क्षीण होऊन निम्मी पाकिटे हरवत असतील, तर चार जवळचे टप्पे बरे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजणीत दिसले की यंत्रे एका जागी स्थिर असतील तर हरवण्याचे प्रमाण धरून निवडलेली वाट सरस ठरते. पण पाठविणारा हिंडता असेल, तर नुसते टप्पे मोजण्याची साधी रीत बरी, कारण ती बदलाची दखल लवकर घेते. साध्या रीतीस हसू नये आणि नव्या रीतीस भुलू नये, दोन्हींची मोजणी करावी, हा शास्त्रीय वृत्तीचा धडा येथे मिळतो.

दिल्लीत सादर झालेला निबंध

आता २०१० सालाकडे येऊ. त्या वर्षी सिगकॉम परिषद आपल्या देशात, नवी दिल्लीत भरली होती. पाध्ये सहलेखक असलेला एक महत्त्वाचा निबंध तेथे सादर झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मोहम्मद अलिझादे व बालाजी प्रभाकर आणि मायक्रोसॉफ्टचे शास्त्रज्ञ यांचे ते संयुक्त काम होते. विषय होता माहितीची कोठारे, म्हणजे डेटा सेंटर.

आपण शोधयंत्रास एक शब्द विचारतो, तेव्हा कोठारातील एक यंत्र तोच प्रश्न एकदम अनेक यंत्रांस विचारते. सर्वांची उत्तरे जवळजवळ एकाच क्षणी परत येतात. पुन्हा ईदगाहचे दार! फरक इतकाच की येथे सर्वजण एकाच पळात दाराशी पोहोचतात. रांग भरते, पाकिटे टाकली जातात, आणि विचारणारा खोळंबतो. संशोधकांनी ६ हजार यंत्रांच्या एका चालू कोठारात मोजणी करून ही कोंडी प्रत्यक्ष दाखविली.

उपायासाठी त्यांनी ती जुनी खूण हाती घेतली. खुल्या जाळ्यावर परकी पहारेकरी यंत्रे तिला अडवीत. परंतु कोठार एकाच मालकाचे, तेथे अडविणारे कोणी नाही. रांग थोडी वाढताच राउटरने पाकिटांवर खूण करावी, आणि पाठविणाऱ्याने किती पाकिटांवर खूण आली हे पाहून त्या प्रमाणात वेग कमी करावा. सर्व पाकिटांवर खूण आली तर वेग निम्मा. दहांत एकावर आली तर केवळ विसांश कपात. जेकबसन यांच्या नियमात गर्दी थोडी असो वा फार, शिक्षा एकच होती. येथे सूचनेच्या प्रमाणात संयम आला. या रीतीने राउटरमधील रांगेची जागा नव्वद टक्के कमी लागून वेग पूर्वीइतका किंवा त्याहून अधिक मिळतो, असे त्यांनी दाखविले. २०१७ साली या पद्धतीचीही नियमपत्रिका निघाली.

दोष कोणाचा?

पाध्ये यांचे आणखी एक काम सामान्य माणसाच्या फार जवळचे आहे. मोबाइलवरील एखादे ॲप हळू चालले की आपण नेटवर ठपका ठेवतो. २०१२ साली त्यांनी लेनिन रवींद्रनाथ व इतर सहकाऱ्यांबरोबर एक व्यवस्था प्रसिद्ध केली. आपण पडद्यावर बोट टेकविल्यापासून उत्तर दिसेपर्यंत ॲपच्या पोटात कोणकोणती कामे होतात आणि त्यांपैकी कोणत्या साखळीमुळे खोळंबा झाला, हे ती ॲप बनविणाऱ्यास सांगते. कधी दोष जाळ्याचा असतो, कधी दूरच्या सर्व्हरचा, तर कधी ॲप लिहिणाऱ्याचाच. मोजल्यावाचून ठपका ठेवू नये, हे सूत्र केवळ संगणकास लागू आहे असे नाही.

घरी आपणही थोडी मोजणी करू शकतो. नेट अडले की प्रथम राउटरजवळ जाऊन पाहावे; तेथे ठीक चालत असेल तर दोष भिंतींचा व अंतराचा आहे, आणि मोठी योजना घेऊन तो जाणार नाही. मुलाचा वर्ग चालू असता घरातील दुसऱ्या मोबाइलवर मोठ्या फाइली चढत-उतरत असतील, तर रांग आपल्याच घरात लागलेली आहे. ते काम वर्ग संपेपर्यंत थांबवावे. सेवा देणाऱ्याकडे तक्रार त्यानंतर करावी.

आपल्या मुलामुलींसाठी

या साऱ्यातून आपण काय घ्यावे? संगणक शिकणे म्हणजे बारा-पंधरा आज्ञा पाठ करून नोकरी धरणे, असा समज आपल्या पुष्कळ घरांत आहे. पाध्ये यांच्या कार्याचा पाया मात्र संभाव्यता, बीजगणित आणि प्रामाणिक मोजणी हा आहे. हे विषय शाळेतच पक्के होतात किंवा शाळेतच सुटतात. गणितास भिऊन जो विद्यार्थी संगणकाकडे वळतो तो दाराशीच थांबेल. दुसरे असे की, पाध्ये यांच्या महत्त्वाच्या बहुतेक निबंधांवर तीन, चार, कधी आठ-दहा नावे आहेत. हे शास्त्र एकट्याचे नाही. दुसऱ्याबरोबर काम करता येणे हीसुद्धा विद्याच आहे.

तिसरी गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण तिचा संबंध ट्रस्टच्या कार्याशी येतो. ज्या सॅली फ्लॉइड यांच्या हाताखाली पाध्ये यांनी संशोधकाची पहिली वर्षे काढली, त्यांचे स्वतःचे शिक्षण सरळ रेषेत झालेले नव्हते. १९७१ साली त्यांनी समाजशास्त्रात पदवी घेतली. त्यानंतर १९७५ साली एका स्थानिक महाविद्यालयातून इलेक्ट्रॉनिक्सचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातील शहर-रेल्वेच्या संगणकांवर अनेक वर्षे नोकरी केली. मग त्या पुन्हा विद्यापीठात गेल्या आणि १९८९ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाल्या. २०१९ साली त्या निवर्तल्या, तेव्हा इंटरनेटची कोंडी ज्यांनी आवरली त्यांत त्यांची गणना होत होती.

आपल्या वस्तीत अशा किती मुली आहेत, ज्यांचे शिक्षण लग्नामुळे, घरच्या आजारपणामुळे किंवा पैशाअभावी मध्येच थांबले! आम्ही वर्गात ज्यांस गणितात पहिला क्रमांक दिला, त्यांपैकी काहींची मुले आज आमच्याच वर्गात बसतात. त्यांची बुद्धी कोठे गेली नाही. तिला पुन्हा वाट मिळाली नाही इतकेच. ट्रस्टची शिष्यवृत्ती आजवर सलग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस मिळत आली आहे, आणि त्या मदतीवर शिकलेले इंजिनियर व शिक्षक आपल्यात आहेत, याबद्दल विश्वस्तांचे उपकार मानावे तितके थोडे. बडोद्यास ही परंपरा नवी नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले, हे सर्वांस ठाऊक आहे.

सबब या महोत्सवी वर्षानिमित्त आमची विश्वस्त मंडळास नम्र सूचना आहे की, शिष्यवृत्तीच्या काही जागा खंड पडलेले शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्यांसाठी राखाव्यात आणि त्यांस वयाची अट नसावी. रक्कम मोठी नसली तरी चालेल. अर्ज मागविताना ही गोष्ट स्पष्ट छापली जावी. ज्या घरात अशी एखादी लेक किंवा सून असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी हा लेख तिच्या हाती द्यावा. गणिताची उजळणी करावयाची असल्यास रविवारी सकाळी शाळेच्या वर्गात बसण्यास आम्ही तयार आहोत. पाटी, वही, काही नसले तरी चालेल, फक्त यावे.